फिजीच्या उसावरचे दोन कागद

४ मार्च १९१२ रोजी कलकत्त्यात इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलच्या बैठकीत गोपाळ कृष्ण गोखले यांनी एक ठराव मांडला. करारबद्ध मजूर म्हणून हिंदी माणसांची भरती करण्यावर पूर्ण बंदी घालावी, मग ते काम देशात असो की कोणत्याही ब्रिटिश वसाहतीत, अशी त्यात शिफारस होती. चर्चा झाली, मते पडली. बाजूने २२, विरुद्ध ३३. ठराव पडला.

ठराव मांडणाऱ्याचे बालपण कोल्हापूरच्या परिसरात गेले होते. जन्म कोतळूकचा, पण वडील कृष्णराव नोकरीनिमित्त कागलला होते. गोपाळचे सुरुवातीचे शिक्षण कागलला, पुढचे कोल्हापुरात आणि महाविद्यालयाचे पहिले दिवस राजाराम कॉलेजात गेले. १८७९ साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलला महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी दरमहा पाठवले, असे गोखल्यांचे चरित्रकार नोंदवतात. त्याच १८७९ च्या मे महिन्यात ‘लिओनिडास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून निघालेले करारी मजूर घेऊन प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांना लागले. करारी हिंदी मजूर घेऊन फिजीला गेलेले हे पहिलेच जहाज. या दोन घटनांचा एकमेकींशी तेव्हा काही संबंध नव्हता. तो ३३ वर्षांनी कौन्सिलच्या सभागृहात जुळला.

आज भारत फिजीला आणि प्रशांत महासागरातल्या इतर छोट्या बेट-राष्ट्रांना विकास-सहकार्य देतो. कर्जे, अनुदाने, प्रशिक्षण, लशी, तज्ज्ञ असे त्याचे अनेक प्रकार आहेत. या सहकार्याचा इतिहास बहुधा परराष्ट्र खात्याच्या निवेदनांपासून सांगितला जातो. उपलब्ध कागद क्रमाने लावले तर तो बराच मागे जातो, आणि त्याची सुरुवात पैशाने झालेली दिसत नाही. आपल्या माणसांचे श्रम ज्या अटींवर विकले जात होते त्या अटी मान्य करायला नकार देण्यापासून ती होते. माझ्या मते तो नकार ही हिंदुस्थानने फिजीला केलेली पहिली आणि सर्वांत मोलाची मदत होती, आणि नंतरच्या प्रत्येक मदतीचा कागद त्याच कसोटीवर वाचला पाहिजे.

पहिला कागद कराराचा. फिजीत मजूर ज्याला ‘गिरमिट’ म्हणत तो छापील नमुना आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. त्यातली कलमे मोजकी आणि नेमकी आहेत. नोकरीची मुदत पाच वर्षे. आठवड्यातले पाच दिवस रोज नऊ तास आणि शनिवारी पाच तास काम. पुरुषाला दिवसाला किमान एक शिलिंग, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने बारा आणे. बाईला नऊ पेन्स, म्हणजे नऊ आणे. पहिले सहा महिने शिधा मालकाकडून, पण त्याचे रोजचे चार आणे मजुरीतून कापून. फिजीत दहा वर्षे काढली तर परतीचा प्रवास फुकट. मजकूर मजुरांच्या लिप्यांतही छापलेला असे.

या कागदाचे खरे वाचन त्यात नसलेल्या मजकुराचे आहे. ठरवून दिलेले काम पुरे झाले नाही, कामावर गैरहजर राहिले किंवा मळा सोडून बाहेर पाऊल टाकले, तर मजुराला दंड आणि तुरुंगवास होऊ शकत असे. ही फौजदारी तरतूद फिजीच्या कायद्यात होती. अंगठा उमटवणाऱ्याच्या हातातल्या नमुन्यात ती नव्हती. गोखल्यांनी कौन्सिलमध्ये नेमके यावर बोट ठेवले. करार दोन बाजूंमध्ये होतो तेव्हा दोघांनाही अटी ठाऊक असाव्या लागतात. इथे एका बाजूला साखर कंपनी आणि तिचे कायदेपंडित, दुसऱ्या बाजूला अरकाट्याच्या, म्हणजे मजूर भरती करणाऱ्या दलालाच्या, बोलण्यावर विश्वास ठेवून घर सोडलेला, बहुधा निरक्षर माणूस. आपण कुठे चाललो, किती दूर चाललो, काम चुकले तर काय होईल, हे त्याला कळलेलेच नाही. अशा व्यवहाराला करार म्हणता येत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. मळ्यांवरच्या आत्महत्यांचे प्रमाण आणि स्त्रियांची दुर्दशा हेही मुद्दे त्यांनी मांडले. दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया पाठवण्याचा नियम होता, आणि त्यातून मळ्यांवर जे घडत होते ते सरकारी अहवालांतही दडून राहिले नव्हते.

सरकारच्या वतीने व्यापार व उद्योग खात्याचे सदस्य डब्ल्यू. एच. क्लार्क यांनी उत्तर दिले. त्यांची बाजूही कागदावर आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. १९१० च्या सँडरसन समितीने करारपद्धती वसाहतींना आणि मजुरांनाही फायद्याची ठरवली होती. परतलेले काही जण पैसे गाठीला बांधून येत होते. गैरप्रकार असतील तर ते सुधारता येतील, त्यासाठी पद्धतच मोडायची गरज नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर सरकारचे म्हणणे होते की हा व्यवहार दोन्ही देशांच्या विकासाचा आहे. गोखल्यांनी फायद्यातोट्याच्या त्या हिशेबात शिरायचे नाकारले. मूळ व्यवहारातच माणसाची संमती खरी नसेल तर नंतरच्या बचतीने तो शुद्ध होत नाही, ही त्यांची भूमिका. ठराव पडेल हे त्यांना ठाऊक होते. तो मंजूर होईपर्यंत पुन्हा पुन्हा आणला जाईल, हे त्यांनी त्याच भाषणात बजावले.

पुढचा क्रम तारखांनी स्पष्ट होतो. १९१३ मध्ये सरकारने मॅकनील आणि चिम्मनलाल यांना फिजीसह वसाहतींच्या पाहणीला पाठवले. त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष पद्धतीला अनुकूल होता, पण त्यातले खटल्यांचे आणि आत्महत्यांचे आकडे निष्कर्षाच्या विरुद्ध साक्ष देत होते, आणि विरोधकांनी तेच उचलले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. त्याच वर्षी सी. एफ. अँड्र्यूज आणि डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन स्वतः फिजीला जाऊन मजुरांच्या वस्त्या पाहून आले. करारी मजुरांत वर्षाला साधारण हजारात एक आत्महत्या, असे प्रमाण त्यांच्या अहवालात निघाले. २० मार्च १९१६ रोजी पंडित मदनमोहन मालवीय यांनी कौन्सिलमध्ये करारपद्धती रद्द करण्याचा ठराव मांडला आणि व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या सरकारने तो स्वीकारला. चार वर्षांपूर्वी ३३ मतांनी जे नाकारले होते ते आता धोरण झाले. ‘सतलज’ हे शेवटचे जहाज नोव्हेंबर १९१६ मध्ये फिजीला पोहोचले. उरलेले सगळे करार १ जानेवारी १९२० पासून रद्द झाले.

या काळात ६० हजारांहून अधिक माणसे फिजीला गेली. बहुसंख्य आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, १९०३ नंतर मद्रास इलाख्यातलीही. प्रत्येकाचा एक प्रवास-पास होता. नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, अंगावरची खूण एवढे त्यात लिहिलेले असे. इतिहासकार ब्रिज व्ही. लाल हे स्वतः एका गिरमिटियाचे नातू. त्यांनी कलकत्त्याहून गेलेल्या ४५,४३९ जणांच्या पासांचा अभ्यास करून या स्थलांतराचा इतिहास लिहिला. २०११ साली करारी मजुरांचे हे दप्तर युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत गेले. ज्यांना सरकारने खुणेने ओळखले त्यांना त्याच कागदांतून नावानिशी परत उभे करता आले, हे इतिहासलेखनाचे मोठे काम आहे.

दुसऱ्या कागदापर्यंत येण्याआधी मधला काळ थोडक्यात सांगितला पाहिजे. फिजीची साखर म्हणजे ऑस्ट्रेलियाची कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनी. नौसोरी, रारावाई, लंबासा, लौटोका हे तिचे कारखाने. करारपद्धती गेल्यावर कंपनीने मळे तोडून साधारण दहा-दहा एकरांचे तुकडे हिंदी कुटुंबांना कसायला दिले. मजुराचा कूळ-शेतकरी झाला. १९३७ साली किसान संघ निघाला, पुढे महासंघ, आणि दरासाठी मोठे संप झाले. ऊसदराच्या तंट्यात १९७० मध्ये ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी निवाडा दिला की साखरेच्या उत्पन्नातले ६५ टक्के शेतकऱ्याचे आणि ३५ टक्के कारखान्याचे. कंपनीला ते परवडेना. १९७३ मध्ये ती फिजीतून गेली आणि कारखाने सरकारच्या फिजी शुगर कॉर्पोरेशनकडे आले. १९८९ च्या मास्टर अवॉर्डने शेतकऱ्याचा वाटा ७० टक्क्यांवर नेला.

आता दुसरा कागद. २००५-०६ मध्ये भारताच्या एक्झिम बँकेने फिजी शुगर कॉर्पोरेशनला ५ कोटी ४ लाख अमेरिकन डॉलरची ‘लाइन ऑफ क्रेडिट’ दिली. या बँकेचे मुख्यालय मुंबईत आहे. लौटोका, रारावाई, लंबासा आणि पेनांग या चार कारखान्यांचे आधुनिकीकरण हा कर्जाचा हेतू. कर्जदार कॉर्पोरेशन आणि हमीदार फिजी सरकार. अशा कर्जांची रीत ठरलेली आहे. रोकड त्या देशाच्या हातात जात नाही. माल आणि सेवा पुरवणाऱ्या भारतीय पुरवठादाराला बँक थेट पैसे देते, कंत्राटातला मोठा हिस्सा, साधारण तीन-चतुर्थांश, भारतातूनच घ्यावा लागतो, आणि परतफेड कर्जदार देश करतो. यात लपवाछपवी काही नाही. जगभरातले अनेक देश असेच कर्ज देतात. मात्र याला दान म्हणणे चूक आहे. हा व्यापार आहे, सवलतीचा.

वेळ महत्त्वाची होती. युरोपीय संघ फिजीची साखर वर्षानुवर्षे जागतिक बाजारापेक्षा चढ्या भावाने घेत होता. २००५ च्या सुधारणेत हा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवायचे ठरले, आणि २००९ मध्ये जुना साखर-करार संपला. भाव उतरणार तर साखर स्वस्तात बनवली पाहिजे, कारखाने सुधारले पाहिजेत. कर्ज घेण्यामागचे हे कारण खरे होते.

पुढे काय झाले ते कोल्हापूरच्या वाचकाला एका शब्दात कळेल: उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण. फिजीत उलटा हिशेब मांडतात, एक टन साखरेला किती टन ऊस लागला. कर्ज घेतले तेव्हा हा आकडा दहाच्या आसपास होता, म्हणजे दहा टक्के उतारा. २०१० च्या हंगामात तो १३ टनांच्या वर गेला. उतारा साडेसात टक्क्यांपर्यंत घसरला. कोल्हापूर जिल्ह्यात जिथे टनाला १२० किलोच्या आसपास साखर मिळते तिथे फिजीत ७५ किलोही मिळेना. २००५ च्या सुमारास तीन लाख टनांजवळ असलेले साखरेचे उत्पादन २०१० मध्ये त्याच्या निम्म्याहूनही खाली आले. आधुनिकीकरणानंतर कारखाने वारंवार बंद पडत राहिले. यंत्रे अपेक्षेप्रमाणे चालली नाहीत, असे फिजी सरकारने जाहीरपणे म्हटले.

एवढ्यावरून सगळा दोष कर्जाला देणे कागदांशी प्रामाणिक ठरणार नाही. इतर कारणेही तितकीच ठळक नोंदलेली आहेत. फिजीतली ८० टक्क्यांहून अधिक जमीन मूळ निवासी इतौकेई कुळांच्या मालकीची आहे. ती विकता येत नाही, मुदतीने कसायला मिळते. १९७६ च्या कायद्याखालचे ३० वर्षांचे पट्टे १९९७ पासून संपू लागले आणि अनेकांचे नूतनीकरण झाले नाही. हिंदी वंशाची शेतकरी कुटुंबे ऊस सोडून शहरांकडे किंवा देशाबाहेर गेली. १९८७, २००० आणि डिसेंबर २००६ च्या सत्तापालटांनी विश्वास खचला. २००६ नंतर युरोपीय संघाने साखर-उद्योगासाठी ठेवलेले साहाय्य रोखून धरले. ऊस कमी, तोही कधी जळलेला, कधी तोडून दिवसेंदिवस पडलेला. अशा उसावर कितीही नवे यंत्र बसवले तरी उतारा चढत नाही. म्हणून मिळालेल्या पुराव्यांचा सरळ निष्कर्ष असा की कर्जाने दुखण्याचा एकच भाग हाताळला. पट्टा, तोड, वाहतूक आणि बियाणे यांना हात न लावता फक्त गिरणीवर पैसा घातला गेला.

भार कोणावर पडला हा प्रश्न इथे उभा राहतो. मास्टर अवॉर्डप्रमाणे उत्पन्नातले ७० टक्के शेतकऱ्याचे. याचा अर्थ गिरणीने उसातली साखर वाया घालवली की त्या तोट्याचा मोठा हिस्साही आपोआप शेतकऱ्याच्या वाट्याला येतो. कर्जाची परतफेड कॉर्पोरेशनची, ती थकली तर सरकारची, म्हणजे करदात्याची. कर्जाच्या करारावर बँक, कॉर्पोरेशन आणि सरकार यांच्या सह्या होत्या. ज्याच्या उसावर तो उभा होता त्या शेतकऱ्याची सही त्यावर नव्हती, आणि त्याचे उत्पन्न वाढले की घटले हे परतफेडीच्या अटींत कुठे मोजले जात नव्हते. गिरमिट आणि हे कर्ज यांची नैतिक बरोबरी करता येणार नाही. गिरमिट ही गुलामीच्या जवळची पद्धत होती. हे कर्ज एका स्वतंत्र देशाने राजीखुशीने घेतलेले होते. तरी १९१२ मध्ये गोखल्यांनी विचारलेला प्रश्न २००५ मध्येही लागू पडतो: कागदाचा भार ज्याच्यावर पडणार त्याला तो कागद समजला होता का, आणि त्याला नाही म्हणता येत होते का?

त्यानंतरच्या काही कागदांत फरक दिसतो. १९ नोव्हेंबर २०१४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी सुवा इथे १४ बेट-राष्ट्रांच्या प्रतिनिधींना भेटले. दरवर्षी प्रत्येक देशाला मिळणारे अनुदान सव्वा लाखावरून दोन लाख डॉलर झाले. हे पैसे त्या देशाने स्वतः निवडलेल्या कामासाठी असतात. फिजीला उसाच्या चोथ्यापासून वीज बनवण्याच्या प्रकल्पासाठी ७ कोटी डॉलरचे आणखी एक कर्ज त्याच भेटीत जाहीर झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन चक्रीवादळाने फिजी उद्ध्वस्त झाली तेव्हा भारताने मदत पाठवली; पेनांगचा कारखाना त्या वादळानंतर कायमचा बंद पडला. जून २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांबरोबर भारताने विकास-भागीदारी निधी उभा केला, आणि त्यातला पहिला प्रकल्प कुक बेटे, किरिबाती, मार्शल बेटे, मायक्रोनेशिया, नाउरू, सोलोमन बेटे आणि टोंगा या सात देशांतल्या हवामान-इशारा यंत्रणेचा होता. मार्च २०२१ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या लशीच्या एक लाख मात्रा फिजीला भेट म्हणून गेल्या. लस कोणाच्या दंडात गेली हे मोजता येते आणि ती फेडायची नसते. छोट्या रकमांची, मागणीनुसार दिलेली अशी मदत गवगवा कमी करते, पण नेमक्या माणसापर्यंत पोहोचते.

हे सारे कोल्हापुरात बसून लिहिण्याला कारण आहे. गोखले ज्या कागलमध्ये शाळेत गेले तिथे आज छत्रपती शाहू सहकारी साखर कारखाना आहे. या जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकाला सभासद म्हणून मत आहे, वार्षिक सभेत ताळेबंद मागण्याचा हक्क आहे. दर पटला नाही तर तो जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जातो आणि हंगाम रोखून धरतो. सहकारातले दोष आपण जाणतोच. तरी फिजीच्या शेतकऱ्याला यंत्रांबरोबर जे पाठवता आले असते ते हे ज्ञान होते: लहान शेतकऱ्याने गिरणीचा हिशेब कसा मागायचा, तोड आणि वाहतूक गावपातळीवर कशी बांधायची, उताऱ्याची नोंद उघड कशी ठेवायची. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी संस्था आपल्याजवळ आहे. भारताच्या प्रशिक्षण कार्यक्रमांत फिजीच्या अधिकाऱ्यांना जागा मिळतात. तिथल्या ऊस उत्पादकांच्या प्रतिनिधींनाही त्यांत हक्काची जागा हवी.

गोखल्यांच्या ठरावातला ‘देशात असो की वसाहतीत’ हा भाग इथे आपल्यालाही लागू होतो. आपल्या जिल्ह्यात हंगामाला बीडहून आणि दुष्काळी तालुक्यांतून येणारी कोयता घेतलेली जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन येतात. उचल फिटेपर्यंत फडात राबणे ही त्यांची अट आहे, आणि ती अट कागदावर नीट लिहिलेलीही नसते. फिजीच्या अरकाट्यावर आपण शंभर वर्षांनी संतापतो. आपल्या फडातल्या व्यवहाराला तोच नियम लावायला हवा. बाहेरच्या देशाला न्याय्य भागीदारी देऊ म्हणणाऱ्या राष्ट्राची पत त्याच्या घरच्या करारांवर ठरते.

म्हणून मागणी नेमकी आहे. प्रशांत महासागरातल्या कोणत्याही देशाला भारताने ऊस-उद्योगासाठी पुढचे कर्ज देताना ऊस उत्पादकांची संघटना त्या करारात पक्षकार असावी. करार त्यांच्या भाषेत त्यांना आधी वाचायला मिळावा. टनामागे शेतकऱ्याच्या हाती किती पडले याचा दरवर्षीचा आकडा यशाचे माप म्हणून लिहिला जावा. उतारा पडला तर परतफेडीचा हप्ता आपोआप पुढे सरकावा. यातले एकही कलम अशक्य नाही. १९१२ मध्ये २२ मतांना जे अशक्य वाटले नाही ते चार वर्षांत झाले. आज त्या मतांपेक्षा कितीतरी मोठी सत्ता आपल्या स्वतःच्या हातात आहे.